टिटवीचे ‘नंतर’

एका नदीकाठच्या रानात एक टिटवी राहत असे. झाडावर घरटे बांधणे तिच्या कुळातच नाही. वाळूतले चार खडे बाजूला सारायचे आणि तिथेच अंडी घालायची. त्यामुळे पुराची धास्ती तिला सगळ्यांपेक्षा जास्त. पण गेल्या पावसाळ्यापासून ती निर्धास्त होती, कारण तिच्याजवळ एक लॅपटॉप होता. हसू नका, मुलांनो, खरोखरच होता! पाण्याची मोजणी करायला आलेला कोणी साहेब तो खडकाच्या कपारीत विसरून गेला होता, उन्हावर चालणाऱ्या पट्टीसकट. डोंगरावरच्या धरणाचे दरवाजे उघडले, की पडद्यावर लाल ठिपका लुकलुके. मग टिटवी गळा फाडून ओरडे आणि काठावरच्या बिळांतले सारे वर पळत. पाणी खाली पोचायला तासभर लागे, म्हणून सगळे वाचत.

चैत्रात एका सकाळी पडद्यावर चौकट उमटली : ‘नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली आहे. आता घेऊ की नंतर?’ कोल्ह्याला नव्याचा भारी सोस. तो म्हणाला, “टिटवीताई, दाब ‘आता’! जुन्याला काय कवटाळून बसायचे?” कासव मान बाहेर न काढताच म्हणाले, “चालते आहे ना, पोरी? मग हात लावू नये. नवी विटी, नवे राज्य! उद्या तो लाल ठिपकाच सापडला नाही तर?” टिटवीला दोघांचेही पटले आणि दोघांनाही दुखवायचे नव्हते. तिने चोचीने ‘नंतर’ दाबले. दुसऱ्या दिवशी चौकट पुन्हा आली, पुन्हा ‘नंतर’. उन्हाळाभर नदी हाडकुळी होऊन पडली होती, लाल ठिपका एकदाही लागला नाही, सवडच सवड होती. पण चोचीला सवय लागली ती लागलीच.

ज्येष्ठ सरत आला. टिटवीने चार अंडी घातली. त्यानंतर एका दुपारी चौकट वेगळी आली : ‘आज सूर्यास्तानंतर जुन्या सिस्टीमवर धरणाच्या खबरा येणार नाहीत.’ टिटवीने वर पाहिले. डोंगरमाथा काळ्या ढगांनी झाकला होता. आता घ्यावी, तर तासभर पडदा आंधळा. न घ्यावी, तर संध्याकाळपासून कायमचा आंधळा. कोणाला विचारायचीही सोय नव्हती, कारण उत्तरे तिला चैत्रापासून पाठ होती. तिने डोळे मिटून ‘आता’ दाबले. पडदा काळा झाला. दहा टक्के. वीस टक्के. चाळिसावर आकडा जो अडला, तो हलेना. “चल ना गं बाई!” टिटवी पडद्याला विनवू लागली. एवढ्यात तिच्या पायाजवळून मुंग्यांची रांग निघाली, एकेकीच्या तोंडात एकेक अंडे. टिटवीने विचारले, “कुठे निघालात?” “वर,” एक मुंगी न थांबता म्हणाली, “जमीन थरथरते आहे.”

टिटवीने पडदा सोडला आणि जिवाच्या आकांताने ओरडली. ससे, उंदीर, घोरपडी वर धावल्या. पण तिची अंडी? चोचीत ती मावत नाहीत. तेवढ्यात कोल्हा समोर आला. “मी नेतो,” तो म्हणाला. कोल्ह्याच्या तोंडात अंडी द्यायची! टिटवी बाजूला झाली. त्याने एक नेले, वरच्या खडकावर ठेवले. दुसरे नेले. तिसरे उचलले, तेव्हा पाणी त्याच्या घोट्याला लागले होते. चौथ्यासाठी तो वळला, आणि तिथे वाळूच उरली नव्हती. ओलाचिंब कोल्हा मान खाली घालून म्हणाला, “टिटवीताई, चौथे मी खाल्ले नाही हो. पाण्याने नेले.” टिटवीला ते माहीत होते. ती रडली, ती कोल्ह्याला दोष देऊन नव्हे.

कपारीत लॅपटॉप उजळला. ‘अभिनंदन! नवी सिस्टीम तयार आहे.’ त्याखाली लाल ठिपका लुकलुकत होता : ‘धरणाचे दरवाजे उघडले आहेत.’ खबर तासभर जुनी होती.

पावसाळा सरला. तीन पिल्ले वाळूवर धावू लागली, नदी पुन्हा शांत झाली, आणि एका सकाळी पडद्यावर नवी चौकट उमटली : ‘छोटासा बदल आला आहे. आता की नंतर?’ टिटवीची चोच सवयीने ‘नंतर’कडे गेली आणि मध्येच थांबली. तिने डोंगराकडे पाहिले. आभाळ स्वच्छ होते. तिने मुंग्यांकडे पाहिले. त्या निवांत होत्या. मग तिने पिल्लांना जवळ बोलावले, वरच्या खडकावर नेऊन बसवले, आणि परत येऊन ‘आता’ दाबले.

तात्पर्य : ‘नंतर’ म्हणणे म्हणजे ठरवणे नव्हे. सवडीच्या दिवसांत जे पुढे ढकलावे, ते नेमके पूर येतो त्या दिवशी दाराशी येऊन उभे राहते.