येरेमेयचं दार

फार फार वर्षांमागं, रशियातल्या एका नदीकाठच्या गावात येरेमेय नावाचा चुली बांधणारा कारागीर होऊन गेला. चूल म्हणजे आपली तीन दगडांची नव्हे हं! अर्धी खोली व्यापणारी विटांची चूल. तिच्यात पाव भाजायचा आणि थंडीत तिच्याच पाठीवर अंथरूण टाकून झोपायचं. येरेमेयची चूल कधी घरात धूर करत नसे, असं म्हणतात. एक सोडून.

ती होती फ्योक्ला नावाच्या विधवेची. पहिल्याच दिवशी तिचं घर धुरानं भरलं. ती चार लोकांत म्हणाली, "येरेमेय, तुझी चूल धूर ओकते रे!"

हा भडकला. "लाकडं ओली आहेत तुझी!" म्हणाला, आणि पुन्हा तिच्या दाराकडे फिरकला नाही. खरं काय ते त्याला त्याच संध्याकाळी आठवलं होतं. धुराच्या वाटेत एक वीट आडवी राहून गेली होती. पण कबूल केलं तर गावात नाक कापलं जाणार ना! गडी गप्प बसला, आणि फ्योक्ला सात हिवाळे खोकत राहिली.

आता तिकडची रीत ऐका. हिवाळा सरताना आठवडाभर सण असतो, मास्लेनित्सा. लोण्यात न्हायलेली धिरडी पोट फुटेस्तोवर खायची, कारण सोमवारपासून मोठा उपास. शेवटच्या रविवारी घरोघर जाऊन वाकायचं आणि म्हणायचं, "मला माफ कर." समोरच्यानं म्हणायचं, "देव माफ करो, मीही केलं." मग नदीकाठी गवताची बाई जाळायची, की हिवाळा निघाला! येरेमेय दर वर्षी सगळी घरं करायचा, फ्योक्लाचं तेवढं चुकवायचा.

सातव्या वर्षी ती गवताची बाई पेटेचना. गवत चांगलं वाळलेलं, वर राळ ओतली, चहूबाजूंनी मशाली लावल्या, तरी आपली विझतेच आहे! आठ दिवस हाच खेळ. थंडी हटेना, बर्फ साचत चालला, चारा संपला. दावणीला बसलेल्या गायी उठेनात. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं, तर गावात एक जनावर उरलं नसतं.

"कुणाची तरी माफी राहिलीय," एक म्हातारी म्हणाली. झालं! जो तो आठवायला लागला. एकीनं सांगून टाकलं की शेजारणीची कोंबडी आमच्याकडे अंडी घालायची, ती आम्हीच खाल्ली. एका जावयानं सासऱ्याची टोपी परत केली. पुन्हा मशाल लावली. छे!

येरेमेय मागं उभा होता. तेवढ्यात गर्दीत फ्योक्लाला खोकल्याची अशी उबळ आली, की ती कुंपण धरून खालीच बसली. ते बघून येरेमेयला लाज वाटली, फार लाज वाटली. तो सगळ्यांसमोर तिच्यापुढे जमिनीपर्यंत वाकला.

"फ्योक्ला, लाकडं कोरडीच होती. चूक माझी होती, आणि मला ठाऊक होतं. मला माफ कर."

गाव तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. ती म्हणाली, "आधी चूल. माफीचं मग बघू."

येरेमेय हातोडा घेऊन तिच्या घरी गेला. चूल पेटलेली होती, पण ती निवायची वाटही त्यानं बघितली नाही. वरच्या विटा फोडून खांद्यापर्यंत हात घातला आणि आडवी वीट ओढून काढली. धूर सरळ वर निघून गेला. फ्योक्लानं सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"देव माफ करो," ती म्हणाली. "मीही केलं. पण सात वर्षं लावलीस रे मेल्या!"

त्याच क्षणी नदीवर गवताची बाई आपोआप भडकली, कुणी हात लावला नव्हता, आणि नदीवरचा बर्फ पार पल्याडपर्यंत तडकला, असं म्हणतात. येरेमेयचा चुलीत घातलेला तो हात मात्र जन्मभर काळाच राहिला.

आजही त्या गावात त्या रविवारी, जिथं जायला पाय उचलत नाही, त्या घरी आधी जायचं. त्याला म्हणतात येरेमेयचं दार. सगळे तिथून परतल्याशिवाय मशाल लावत नाहीत. दर वर्षी कुणाला तरी उशीर होतोच. मग सारं गाव गुडघाभर बर्फात उभं राहतं. धिरडी गार होतात, लेकरं कुरकुरतात, पण तो कुठं गेलाय हे कुणी विचारत नाही. नुसती वाट बघतात.