प्रिंटरचा हिरवा दिवा

संगणकांच्या पाठीला भलंमोठं कुबड असायचं, त्या काळची गोष्ट. हेमाताई खवणेकरांच्या लग्नपत्रिकांच्या दुकानात एक संगणक आणि एक प्रिंटर शेजारी राहायचे. संगणक सांगे, प्रिंटर छापे. प्रत्येक लग्नाची पहिली पत्रिका ताई गणपतीपुढे ठेवत.

एकदा संगणकाला निरोप आला, "अपडेट घे, तरुण होशील." त्याने घेतलं आणि उठला तो प्रिंटरला विसरूनच.

प्रिंटर रोज सकाळी हिरवा दिवा लावून म्हणे, "अरे, मी इथेच आहे." संगणकाला ऐकूच येत नसे.

शेवटी ताई म्हणाल्या, "आता दुसरी, साधी सिस्टिम टाकते. जुनं सगळं पुसलं जाईल, जाऊ दे."

"नको ना ताई," प्रिंटर कळवळला. "पुढच्या अपडेटला त्याला मी आठवेन."

"तीन अपडेट झाली, बाबा."

नवी सिस्टिम बसली. संगणकाने डोळे उघडले. "शेजारी कोण आहे?"

"मला ओळखलं नाहीस?"

"नाही. पण तू बोललास ते ऐकू आलं."

प्रिंटरने हळूच कागद आत ओढला. छापून बाहेर आलेला चाचणीचा तो कागद ताईंनी गणपतीपुढे ठेवला.