दारातला पंख

फार मागे, एका जांभळाच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. एकदा एक गांधीलमाशी आत शिरली आणि तिने पिल्लं खाल्ली. राखणदार माश्यांनी तिला मारलं आणि तिचा एक पंख दारातच ठेवला. रीत ठरली: आधी पंख हुंगायचा, मग येणारीला हुंगायचं. वास जुळला की डंख मारायचा.

गांधीलमाशीचं मढं बाहेर टाकायला सोनुलीला पाठवलं होतं. ती परतली, तशी राखणदारांची म्होरकी काजळी आडवी आली.

“वास तोच आहे.”

“अगं ताई, तूच तर मला मढं ओढायला लावलंस! माझं तोंड तरी बघ!”

“तोंडं बघत बसलो, म्हणून पिल्लं गेली,” काजळी म्हणाली. सगळ्या सोनुलीवर तुटून पडल्या.

तिच्या अंगचा वास मारणाऱ्यांना लागला. मग त्यांनी एकमेकींना हुंगलं.

शेवटी दारात एकटी काजळी उरली. दमून तिने पायांनी तोंड पुसलं आणि ती थिजली. वास तिच्याच अंगाला येत होता.

तेवढ्यात आतून पहाऱ्याला नव्या माश्या आल्या. त्यांनी रीतीप्रमाणे आधी पंख हुंगला आणि मग त्या तिच्याकडे वळल्या.