ठकूआत्याच्या दोन गोधड्या

फार फार वर्षांपूर्वी, तुमच्या-आमच्या पणज्याही जन्मल्या नव्हत्या तेव्हा, डोंगराच्या अलीकडे ठकू नावाची बाई राहायची. पाय लहानपणीच गेलेले, पण हातात कसब असं की सारी पंचक्रोशी तिच्या गोधड्यांवर झोपायची. ती मात्र कुणाकडे मुक्कामाला जायची नाही. रात्री जाग आली तरी सरपटत बाहेर पोचेपर्यंत अंथरूण ओलं व्हायचं. म्हणून बाईनं दुपारपासून पाणीच तोडलं. वेडीच म्हणायची! त्यानं लघवीची आग तेवढी वाढली, अंथरूण ओलं ते ओलंच.

डोंगरापलीकडे धाकट्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा. पोरीच्या कानात कुर्र करायला ठकूचा जीव नुसता तुटायचा. नावही तिनं ठरवलं होतं. टाके घालताना ते पुटपुटायची. पण बोलावणं आलं की कधी अंगात कणकण, कधी हातात काम. भाऊही हट्टी. आत्याशिवाय बारसं नाही म्हणाला. पोरगी रांगायला लागली, तरी बिननावाचीच.

शेवटी भावजयच पोरीला घेऊन बैलगाडीनं आली. भर उन्हाचा तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर ठकूनं तो सुकल्या ओठांनी बाजूला सारला. भावजयीनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा ठकूला रडू फुटलं.

"भावाच्या घरात सकाळी ओलं अंथरूण सोडून उठू का गं मी?"

भावजय तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "वन्सं, बाळंतपणापासून माझंही कधीकधी असंच होतं. मीही कुणाला बोलले नव्हते."

मग दोघींनी मिळून ठरवलं. पाणी दिवसभर पोटभर प्यायचं, दिवेलागणीनंतर बेतानं. निजण्याआधी जाऊन यायचं, उशाशी भांडं ठेवायचं. आणि अंथरुणावर जुन्या लुगड्याची, धुवायला सोपी गोधडी घालायची. ठकूनं तशा दोन शिवल्या, एक आपल्याला, एक भावजयीला.

मग ठकू बैलगाडीत बसून भावाच्या घरी गेली, आणि बारसं झालं. ठकूनं पोरीच्या कानाशी तोंड नेऊन "साळू" म्हटलं, आणि साळूनं तिचं नाक घट्ट धरलं.

पुढच्या बऱ्याच रात्री कोरड्या गेल्या. एका सकाळी गोधडी ओली निघाली. भावजयीनं ती धुऊन अंगणात दोरीवर टाकली, शेजारी आपलीही टाकली. येणारे-जाणारे बघायचे आणि आपल्या वाटेनं जायचे. ठकू चांगली महिनाभर राहिली. पाळण्यातली साळू मात्र तिला कधीच बघायला मिळाली नाही, ती चुटपुट जन्मभर राहिली.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: लाज झाकून ठेवली तर कुजते, उन्हात टाकली की वाळते.