रेडकाचा वाटा

एकदा एक म्हातारे उपदेशक होते, शांतवनबाबा त्यांचं नाव. त्यांच्या हाताखाली सिलास नावाचा शिष्य धर्मकार्य शिकत होता. सिलासला सुवार्ता नावाची बायको होती, सुवार्तेच्या झोळीत तान्ही लेक होती, आणि दारात चांदरी नावाची म्हैस होती. चांदरी नुकतीच व्याली होती, पण तिच्या रेडकाला त्या घरात कुणी माणसात नाही की जनावरात नाही, कशातच धरत नव्हतं. रेडी असती तर गोष्ट वेगळी. रेडा कुणाच्या कामाचा?

सिलास मोठा गुणी. देवळात उभा राहून बोलू लागला की बायाबापड्या पदरानं डोळे पुसत. त्याचा आवडीचा विषय एकच : आकाशातला बाप आपल्या लेकरांना उपाशी ठेवत नाही. शांतवनबाबा मागच्या बाकावर बसून मान डोलवत ऐकत. कुणी विचारलं, "बाबा, शिष्य कसा काय तयार झालाय?" तर म्हणत, "बोलतो सुंदर. अजून वेळ यायचीय त्याच्यावर."

आणि वेळ आली. भर उन्हाळ्यात सुवार्तेला तापानं धरलं. ताप असा की अंगावरचं दूध आटून गेलं. लेक छातीशी लावली की दोन-चार वेळा ओढी, मग तोंड सोडून आकांत करी. आता सारी भिस्त चांदरीवर. म्हशीचं दूध पाणी घालून उकळायचं, वाटी-चमच्यानं पाजायचं.

सिलासच्या मनात तेव्हा भीतीनं घर केलं. गोठ्यात रेडकू कासेला ढुशा द्यायचं, मचमच करत प्यायचं, आणि ओट्यावर बसलेल्या सिलासला वाटायचं, हा प्रत्येक घोट माझ्या लेकीच्या तोंडातला चालला. एके सकाळी त्यानं रेडकाला दावं लावलं आणि भिंतीपलीकडे नेऊन बांधलं. त्याला ताकपाणी दाखवायचं, एवढंच.

शेजारच्या फुलाआत्यानं पाहिलं. ती या घराची सुईणच. म्हणाली, "काय रे बाबा, रेडकू मारतोस काय?"

"मारतो कशाला, आत्या? लेकीपुरतं तरी राहायला नको का?"

"राहील हो. देवळात तर सांगत होतास, देव मुंगीला कण देतो. रेडकाला वगळलं वाटतं तुझ्या देवानं?"

सिलास हसला नाही. लेकीच्या भुकेपुढं माणसाला हसू कसं येणार?

पहिले काही दिवस तांब्या बरा भरला. मग खाली येऊ लागला. चांदरी भिंतीकडे तोंड करून हंबरायची, धार काढायला बसलं की लाथ झाडायची. सिलासला वाटलं, रेडकाचा आवाज ऐकून ही बिथरते. त्यानं रेडकू आणखी लांब, ओढ्याकाठच्या बाभळीला नेऊन बांधलं. दूध आणखी उतरलं. मग त्यानं आंबोण वाढवलं, सरकी घातली, गुडघे टेकून प्रार्थना केली. आणि प्रार्थना संपताच उठून आधी रेडकाची गाठ पक्की आहे ना ते पाहून आला.

एक दिवस सकाळी तांब्याच्या बुडाशी वाटीभर दूध आलं, त्याच्यावर थेंब नाही. झोळीत लेक रडून रडून बसक्या आवाजाची झालेली. सुवार्ता भिंतीला टेकून म्हणाली, "अहो, बाबांना बोलवा. म्हणावं, प्रार्थनेला या. माझं लेकरू हातचं चाललं."

शांतवनबाबा काठी टेकत आले. लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग विचारलं, "रेडकू कुठंय?"

"बाबा, आधी प्रार्थना—"

"करू. रेडकू आण."

सिलासनं रेडकू आणलं ते जवळजवळ उचलूनच. बरगड्या मोजाव्यात असं. अंगणात ठेवलं तर पाय फाकवून तिथंच बसलं. बाबांनी चुलीजवळ ठेवलेली त्या दुधाची वाटी उचलली, कोमट दूध बोटानं पाहिलं आणि सिलासपुढं धरली.

"पाज त्याला."

सिलासला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. सुवार्ता मात्र ताडकन उठली. तापाचं अंग, तरी उठली. "बाबा! घरात एवढंच दूध आहे! माझ्या लेकीच्या तोंडचं काढून जनावराला घालता? वय झालं म्हणून काय दया गेली तुमची?"

"दया आहे म्हणूनच सांगतो, मुली. त्याच्या पायात बळ नाही. उभं नाही राहिलं तर आईपाशी जाणार कसं?" मग शिष्याकडे वळून ते हळू बोलले, "मी पाजणार नाही, सिलासा. तुला वाटलं तर तू पाज. नाही वाटलं तर लेकीला दे, मी तुला बोल लावणार नाही. बापाचं मन मला कळतं."

सिलास वाटी हातात घेऊन उभा राहिला. इकडे लेक, तिकडे रेडकू. देवळातलं एकही वाक्य त्याला आठवेना. आठवलं ते एवढंच, की आजवर त्यानं मनाप्रमाणे जे जे केलं, त्यानं दूध कमीच होत गेलं. तो खाली बसला. बोट दुधात बुडवून रेडकाच्या तोंडात घातलं. रेडकानं ते असं ओढलं की सिलासच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची लेकही असंच ओढायची. वाटी रिकामी झाली. सुवार्तेनं तोंड फिरवून घेतलं.

थोड्या वेळानं रेडकू धडपडत उठलं. बाबांनी दावं सोडलं. ते झोकांड्या खात चांदरीकडे गेलं. चांदरीनं आधी हुंगलं, मग मान लांबवून चाटायला लागली; चाटता चाटता तिच्या घशातून असा बारीक आवाज निघू लागला, जो त्या घरानं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. रेडकानं ढुशी दिली. आणि सगळ्यांच्या देखत कास तटतटून आली, न ओढलेल्या सडातूनही दुधाचे थेंब मातीत पडू लागले.

"बस आता तांब्या घेऊन," बाबा म्हणाले. "एक सड त्याचा, त्याला हात लावू नको. बाकीचे तुझे."

धार वाजली. तांब्या काठोकाठ भरला असं नाही, पण लेकीचं पोट भरेल इतका भरला. ती प्याली, आणि चमचा तोंडात असतानाच झोपली. सुवार्तेनं बाबांचे पाय धरले. "मी नाही नाही ते बोलले, बाबा."

"आईनं बोलायचं नाही तर कुणी?"

सिलास खाली मान घालून बसला होता. बाबा त्याच्याशेजारी टेकले.

"सिलासा, चांदरीचं दूध आटलं नव्हतं. ती चोरत होती, आपल्या बाळासाठी. तुला वाटलं, देवानं कासेत मोजकं दूध घातलंय; एकानं प्यालं की दुसऱ्याला उरणार नाही. पण ज्यानं रेडकाला तोंड दिलं, त्यानंच त्या तोंडापाशी पान्ह्याची किल्ली ठेवलीय. रेडकू तुझ्या लेकीचं भाऊबंद होतं, तू त्याला वैरी केलंस. भिणारा माणूस असाच असतो, बाळा. तो देवापुढं हात जोडतो आणि त्याच वेळी त्याच्या दुसऱ्या लेकराला दूर बांधून येतो. बापावर भरवसा आहे की नाही, हे आपण मागतो किती यावरून कळत नाही. दुसऱ्याचा वाटा सुखानं सोडता येतो की नाही, यावरून कळतं."

मग ते उठले. "चला, आता प्रार्थना करू." ती प्रार्थना सिलासनं केली. फार लहान होती.

त्या दिवसापासून धार काढण्याआधी रेडकू सोडायचं, धार झाल्यावरही सोडायचं. चांदरी दिवसेंदिवस वाढतं दूध देऊ लागली. आजारी सुवार्तेलाही पेलाभर दूध मिळू लागलं. जिवाचा घोर गेला, तसा तापही ओसरला. फुलाआत्या रोज येऊन दटावायची, "दूध येवो न येवो, लेकरू छातीशी लावत जा. ओढू दे."

पावसाळ्याच्या तोंडावर एका दुपारी सुवार्ता तांदूळ निवडत बसली होती. झोळीतून लेक कुरकुरली, आणि सुवार्तेचा हात सुपातच थबकला. तिनं खाली पाहिलं. चोळी भिजली होती. लेकीला पदराखाली घेऊन ती भिंतीला टेकून बसली, आणि लेक आईच्या अंगावर पोटभर प्याली.