अडगळीतलं सिंहासन

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. किती ते मोजणारंही आता कुणी उरलेलं नाही. नदीकाठी एक राज्य होतं. राज्य लहान, पण राजवाड्याची हौस मोठी.

त्या राजवाड्यात एक चाल होती. राजा वारला, की तेराव्या दिवशी त्याचं सिंहासन, त्याचे चौरंग, त्याचा पलंग, सगळं उचलून मागच्या कोठारात टाकायचं. गेलेल्या राजाच्या आसनावर नव्या राजाने बसणं म्हणजे अपशकुन! मग नदीकाठचं एक शिसवाचं झाड तोडायचं आणि नव्या राजासाठी सगळं नवं घडवायचं. अशी सहा राजांपायी सहा झाडं गेली. ही चाल कुणी पाडली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मोडायची कुणी, हा प्रश्न होताच.

सहावं झाड पडलं त्या पावसाळ्यात काठ ढासळला आणि अख्खी कुंभारआळी नदीत गेली. माणसं वाचली, घरं वाचली नाहीत. आता सुतारआळीखाली एकच शिसव उरला होता. त्याच्या मुळांनीच तो काठ धरून ठेवला होता.

अशात सहावा राजा वारला. त्याचा तरुण मुलगा गादीवर बसायचा होता. प्रधानाची माणसं सुतारआळीत आली आणि तोडायची खूण म्हणून झाडाला चुन्याचा पट्टा ओढून गेली.

त्या आळीत एक सुतारीण राहायची. नवऱ्यामागे तिनेच रंधा आणि पटाशी हाती धरली होती. तिच्या कामाला तोड नव्हती, आणि जीभ म्हणाल तर पटाशीहून धारदार. चुन्याचा पट्टा पाहून आळीतल्या बायाबापड्या रडू लागल्या. ही मात्र पदर खोचून थेट दरबारात गेली.

"महाराज, सिंहासन मी करते. महिन्याभरात आणते. दरबारात एकाने जरी नाक मुरडलं, तर झाडावर पहिला घाव मीच घालीन."

"आणि तुझी अट काय, बाई?" राजाने विचारलं.

"तोवर झाडाला कुणी हात लावायचा नाही. लाकूड मी राज्यातून कुठूनही घेईन. आणि ते कुठलं, हे महाराजांनी सिंहासनावर बसल्यावरच विचारायचं."

प्रधान गालात हसला. बाई स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय, असं त्याला वाटलं. राजाला मात्र तिचा ताठा आवडला. त्याने शब्द दिला.

बाई दरबारातून निघाली ती सरळ मागच्या कोठारात. कोठाराचा राखणदार घाबरला.

"ताई, हे भलतंच काय? जुनं आहे ते. काळं पडलंय, वाळवीने पोखरलं असेल."

"वाळवीने तुझी पोती खाल्ली, दोर खाल्ले. शिसवाला तोंड तरी लावलंय का, बघ!"

तिने एका काळ्या फळीवरून रंधा फिरवला. वरचा मळ निघाला आणि आतून जांभळट, तांबूस रेषा उघड्या पडल्या. राखणदार बघतच राहिला. सहा झाडं त्याच्या राखणीत होती आणि त्याला पत्ता नव्हता!

मग महिनाभर तिने डोकं वर काढलं नाही. प्रत्येक राजाने मागच्यावर ताण करत सिंह, मोर, वेली कोरून घेतल्या होत्या. ती गर्दी तिने काढून टाकली. सरळ रेषा ठेवल्या, पाठीला कमरेजोगा बाक दिला. खिळा एकही मारला नाही; खाचेत खाच बसवली आणि वर लाकडाची खुंटी. सगळ्याला जवसाचं तेल चोळलं. फक्त एका जागी तिने रंधा लावला नाही.

राज्याभिषेकाच्या दिवशी सिंहासन दरबारात आलं आणि सगळे पुढे सरसावले. इतका देखणा, इतका हलका घाट कुणी पाहिला नव्हता. नाक मुरडणं लांबच राहिलं. आपल्याकडे असं एखादं आसन हवं, असं मानकऱ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

प्रधानाने त्यावर हात फिरवला आणि ऐटीत म्हणाला, "बघितलंत? अशी झळाळी ताज्या लाकडालाच येते!"

राजा बसला. ऐसपैस टेकला. "आता सांग, बाई. लाकूड कुठलं?"

"ही पाठ तुमच्या वडिलांच्या सिंहासनाची, महाराज. बैठक पणजोबांच्या सिंहासनाची. हा उजवा हात तुमच्या आजोबांच्या सिंहासनाचा. जेवढं वाकायचं, तडकायचं, ते या लाकडाचं कधीच झालंय. आता ते हलणार नाही."

मानकरी दोन पावलं मागे सरले. मग प्रधान ओरडला, "अपशकुन! उठा महाराज, उठा!"

राजा दचकून उठू लागला. उठताना त्याने सिंहासनाच्या उजव्या हातावर भार दिला आणि त्याचं लक्ष आपल्याच अंगठ्याकडे गेलं. बसल्यापासून तो एका खळग्यात फिरत होता. आजोबा विचारात असले की त्याच जागी अंगठा घासत बसायचे. घासून घासून तिथे खळगा पडला होता. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून तो त्यात बोट घालायचा. रंधा न लावलेली जागा ती हीच.

राजाचे डोळे भरून आले. तो परत खाली बसला.

"प्रधानजी," तो म्हणाला, "माझे आजोबा मला अपशकुन करतील?"

असं आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी राजाने स्वतः जाऊन झाडावरचा चुना धुऊन काढला. कोठारातल्या उरलेल्या लाकडातून कुंभारांच्या नव्या घरांना दारं झाली, पाळणे झाले. पुढच्या पावसाळ्यात नदी काठोकाठ भरून आली, शिसवाच्या बुंध्याला धडका देऊन गेली. सुतारआळीची एक वीटही हलली नाही.

राजामागून राजे आले. सिंहासन तेच राहिलं. सैल झालेली खुंटी तेवढी बदलायची, एवढीच काय ती नवी चाल.

तात्पर्य : जो जुन्याला नवा घाट देतो, त्याच्या घराला शोभाही लाभते आणि दाराला सावलीही.