हौसाबाईच्या किल्ल्यांचं चाक

“…मग खरं कुठलं आणि नक्कल कुठली, हे ओळखायचं कसं? तेवढं सांगा.”

निशिकांत बर्वे जुन्या बाजाराच्या मधोमध उभे राहून विचारत होते. रविवारची सकाळ होती. समोर एका लोखंडी पेटीवर बसून रहमत उस्ताद चहावर फुंकर घालत होते.

उस्तादांनी आणखी एक फुंकर घातली. चहा अजून गरम होता.

उस्ताद अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लष्कराच्या वर्कशॉपात त्यांनी छत्तीस वर्षं फिटरचं काम केलं. निवृत्त झाल्यापासून ते दर रविवारी पुण्याच्या या बाजारात येऊन बसत. विकायला त्यांच्याकडे फारसं काही नसे. पण लष्करी गाडीचा एखादा तुकडा कुणाला ओळखता आला नाही, की तो त्यांच्या हातात दिला जाई. ते तो उलटासुलटा करून बघत आणि कुठल्या गाडीत कुठे बसतो ते सांगत.

बर्वे गेले दोन महिने त्यांच्याकडे येत होते. चिंचवडला त्यांचा गिअर बनवण्याचा कारखाना होता, आणि घरी १९४३ सालची एक लष्करी जीप. सात वर्षं खपून त्यांनी ती उभी केली होती. तिच्यातले बोल्टसुद्धा त्या काळातले होते, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारताही सांगत.

एक स्टिअरिंग तेवढं नवं होतं. जुन्यासारखं बनवलेलं, परदेशातून मागवलेलं.

गेल्या वर्षी जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात परीक्षकाने जीपभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग स्टिअरिंगवर टिचकी मारली आणि हातातल्या कागदावर एकच शब्द लिहिला. नक्कल.

तो शब्द बर्व्यांना वर्षभर टोचत होता. पुढचं प्रदर्शन आता महिन्यावर आलं होतं आणि अस्सल स्टिअरिंग अजून मिळालं नव्हतं.

उस्तादांनी चहा संपवला आणि बर्व्यांच्या हातातल्या वहीकडे बोट दाखवलं. बर्व्यांनी ती उत्साहाने उघडली. प्रत्येक भागाचा नंबर, मापं, फोटो, सगळं तिच्यात होतं. हे सगळं मला पाठ आहे, ते म्हणाले, फक्त तुमच्यासारखी नजर हवी.

उस्तादांनी वही घेतली. उठले, पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि परत पेटीवर बसले.

“बाजार फिरून या,” ते म्हणाले. “रिकाम्या हाताने.”

बर्व्यांना राग आला. पण वही पेटीत होती आणि पेटीवर उस्ताद होते.

पहिली फेरी त्यांनी तणतणत मारली. दुसऱ्या फेरीत पाय आपोआप सावकाश पडू लागले. गोणपाटावर पितळी नळ, डायल नसलेले फोन, भिंगं गेलेली दुर्बीण. एका लोखंडी शिरस्त्राणात कुणीतरी स्क्रू भरून ठेवले होते. एक माणूस विषारी वायूपासून वाचवणारा जुना मुखवटा तोंडाला लावून भाव करत होता. दुकानदाराला त्याचा एक शब्द कळत नव्हता, आणि तो मुखवटा काढायला तयार नव्हता. बर्वे थांबले आणि पोटभर हसले. या बाजारात ते पहिल्यांदाच हसत होते.

तासाभराने ते परत आले. स्टिअरिंग दिसलं नाही म्हणाले. मग काय दिसलं, असं उस्तादांनी विचारलं, तेव्हा दहा मिनिटं बोलतच राहिले. मुखवटा, दुर्बीण, स्क्रूंनी भरलेलं शिरस्त्राण…

उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं.

“हौसाबाईकडे काय दिसलं?”

हौसाबाई कोपऱ्यावर बसायची. जुनी कुलपं आणि किल्ल्या विकायची.

“किल्ल्या,” बर्वे म्हणाले.

“किल्ल्या कशावर टांगल्या होत्या?”

बर्व्यांनी वळून कोपऱ्याकडे पाहिलं.

…

ते जवळजवळ पळतच कोपऱ्यावर गेले. हौसाबाईच्या मागे एका खुंटीला गोल चाक अडकवलेलं होतं आणि त्याला चहूबाजूंनी किल्ल्यांचे जुडगे लटकत होते. दोन महिने दर रविवारी बर्वे त्याच्यासमोरून गेले होते. तिच्या परवानगीने त्यांनी चार-पाच जुडगे बाजूला केले. गडद हिरवा रंग. तीन दांड्या. मधल्या भागावर नंबर. जीपचं स्टिअरिंग. ओळखायला वही लागली नाही.

त्यांनी आणखी दोन जुडगे बाजूला केले.

मग त्यांना तडा दिसला. चाकाच्या कडेला लांबट तडा होता आणि तिथला कपचा उडालेला होता. बर्व्यांचा चेहरा उतरला. अस्सल आहे, पण खराब आहे, ते मागून आलेल्या उस्तादांना म्हणाले. परीक्षक याचे गुण कापणारच. अजून शोधायला हवं.

उस्तादांनी शेजारचा एक रिकामा खोका पालथा केला.

“बसा.”

कडक इस्त्रीच्या शर्टातले बर्वे भर बाजारात खोक्यावर बसले. उस्तादांनी उरलेल्या किल्ल्या उतरवून चाक त्यांच्या हातात दिलं.

“चालवा.”

“कुठे?”

“ड्रायव्हर तुम्ही. मी कसं सांगू?”

दोघंचौघं जमले. साहेब, जाताजाता मला स्वारगेटला सोडा, असं हौसाबाई म्हणाली आणि सगळे हसले. बर्वे लाल झाले.

घरची जीप कशी चालते, उस्तादांनी विचारलं. बर्व्यांनी मान खाली घातली. इंजिन दर रविवारी सुरू करतो, ते म्हणाले, पण गाडी फाटकाबाहेर कधी चालवलेली नाही. प्रदर्शनालाही ट्रकवर चढवून नेली. रंगाला ओरखडा जाईल.

उस्ताद हसले नाहीत. त्यांनी पुढे वाकून बर्व्यांच्या हातातलं चाक थोडं फिरवलं.

“या गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो. उजवा हात गिअरवर. आता धरा.”

बर्व्यांनी डाव्या हाताने चाक धरलं. त्यांचा अंगठा उडालेल्या कपच्याच्या जागी गेला.

तिथे धार नव्हती. ती जागा चिंचोक्यासारखी गुळगुळीत झाली होती आणि अंगठा तिच्यात बरोबर मावत होता. गिअर बनवणाऱ्या माणसाला झीज कळते. ही एका दिवसाची नव्हती, एका वर्षाचीही नव्हती.

…

“कोण असेल?” त्यांनी हळूच विचारलं.

“ड्रायव्हर,” उस्ताद म्हणाले.

बर्वे उठले नाहीत. थोड्या वेळाने बर्व्यांचा उजवा हात उचलला गेला आणि त्यांनी हवेत गिअर टाकला. तोंडातून बारीक घुर्र असा आवाजही आला. त्यांचा त्यांनाच तो उशिरा ऐकू आला.

“अरे, आधी क्लच दाब,” उस्ताद म्हणाले.

दोन महिन्यांत त्यांनी बर्व्यांना पहिल्यांदा ‘अरे’ म्हटलं होतं. बर्व्यांनी डावा पाय दाबला.

चाक द्यायला हौसाबाई तयार नव्हती. मग मी किल्ल्या कशावर टांगू, हा तिचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता. बर्वे तडक चिंचवडला गेले आणि दुपारपर्यंत परत आले. जीपचं नवंकोरं स्टिअरिंग त्यांनी काढून आणलं होतं. हौसाबाईने ते उन्हात धरून पाहिलं. बोट फिरवलं. याला कुठे तडा नाही, ती समाधानाने म्हणाली आणि एकेक जुडगा त्याच्यावर चढवू लागली. आपण साहेबाला गंडवलं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बर्व्यांनाही तिच्याबद्दल नेमकं तेच वाटत होतं.

उस्तादांनी वही काढून दिली. बर्व्यांनी ती खिशात घातली आणि दोघं चिंचवडला निघाले.

चार वाजता उस्तादांनी स्वतःच्या हाताने चाक बसवलं, नट आवळला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. बर्व्यांनी फाटक उघडलं.

जीप सात वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर रस्त्यावर आली. देहूरोडला एका ट्रकवाल्याने तिला पाहून लांबलचक हॉर्न दिला. पुढे कच्च्या वाटेवर बाभळीची फांदी मडगार्डला करकरत घासून गेली. बर्व्यांनी तो आवाज ऐकला. उस्तादांनी त्यांच्याकडे पाहिलं. बर्व्यांनी गाडी थांबवली नाही, उलट तिसरा गिअर टाकला. वारा इतका होता की दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी दोघंही बोलत होते.

घोरावडेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांनी गाडी उभी केली. एक बाई पेरू विकत होती. उस्तादांनी दोन घेतले आणि बॉनेटवर ठेवून चाकूने कापले.

बर्वे अजून स्टिअरिंग धरूनच बसले होते. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठी आली. प्रदर्शन महिन्यावर आहे, ते म्हणाले. भोसरीला एक कारागीर आहे. तो तडा असा भरून देतो की बघणाऱ्याला जागा सापडत नाही. परीक्षकालाही सापडणार नाही.

“भरून घेऊ का, उस्ताद?”

उस्तादांनी पेरूच्या फोडीवर मीठ भुरभुरलं आणि ती बर्व्यांच्या हातात दिली.

“घे की,” ते म्हणाले. “पण मग अंगठा कुठे ठेवशील?”